कुमारजीव

मध्य आशियातील तक्लामकान वाळवंटाच्या उत्तर कडेला प्राचीन काळी कुचा नावाचे एक लहानसे राज्य होते. भारतातून काश्मीरमार्गे चीनकडे जाणारे व्यापारी आणि भिक्षू तेथे विसावा घेत. या राज्यात इ. स. ३४४ च्या सुमारास कुमारजीवाचा जन्म झाला. त्याचा पिता कुमारायन हा मूळचा भारतीय. वंशपरंपरेने चालत आलेल्या मंत्रिपदाचा त्याग करून तो कुचा येथे आला होता. माता जीवा ही तेथील राजाची बहीण. आईबापांच्या नावांवरूनच मुलाचे नाव कुमारजीव असे पडले.

कुमारजीव सात वर्षांचा असताना जीवेने भिक्षुणीची दीक्षा घेतली. नवव्या वर्षी तो आईबरोबर दुर्गम पर्वत ओलांडून काश्मीरला गेला आणि बंधुदत्त या पंडितापाशी बौद्ध ग्रंथांचे अध्ययन करू लागला. परतीच्या प्रवासात काशगर येथे त्याने वेदविद्येचाही परिचय करून घेतला. तेथेच सूर्यसोम या आचार्याकडून त्याला महायान पंथाचे ज्ञान मिळाले. तरुणपणीच त्याच्या विद्वत्तेची कीर्ती चीनपर्यंत पोहोचली.

परंतु ही कीर्तीच त्याच्यावरील संकटाचे कारण झाली. उत्तर चीनचा सम्राट फू चिएन याने ल्यू क्वांग या सेनापतीला मोठ्या सैन्यासह पश्चिमेकडे पाठविले आणि कुमारजीवास राजधानीत आणण्याची आज्ञा दिली. इ. स. ३८४ मध्ये कुचा पडले व कुमारजीव बंदिवान झाला. ल्यू क्वांगला विद्येची चाड नव्हती. तो कुमारजीवाला द्वाड बैलावर किंवा घोड्यावर बसवी आणि तो खाली पडला की हसे. कुमारजीवाने हा अपमान निमूटपणे सोसला. अखेर सेनापतीलाच लाज वाटली व त्याने हा खेळ थांबविला.

सैन्य परत फिरले तोच सम्राटाचा वध झाल्याची वार्ता आली. तेव्हा ल्यू क्वांगने आजच्या कान्सू प्रांतातील लिआंगचौ येथे स्वतःचेच राज्य स्थापन केले. कुमारजीवाला तेथे सुमारे सोळा वर्षे अडकून पडावे लागले. त्या वेळी त्याचे वय एकेचाळीस वर्षांचे होते. राजाला धर्माची गोडी नव्हती. त्यामुळे मोठा पंडित असूनही त्याला उपदेश करण्याची संधी मिळत नव्हती. दुसरा एखादा निराश होऊन बसला असता. कुमारजीव मात्र पुन्हा विद्यार्थी झाला. आसपासचे लोक बोलत ती चिनी भाषा तो शिकू लागला.

हे काम सोपे नव्हते. संस्कृतात शब्दांना विभक्तीचे व काळाचे प्रत्यय लागतात. चिनी भाषेत असे प्रत्यय नाहीत. तिच्यात आपल्यासारखी वर्णमालाही नाही. हजारो चिन्हे एकेक करून ध्यानात ठेवावी लागतात. बालपणापासून संस्कृत ग्रंथांत रमलेल्या माणसाने उतारवयाकडे झुकताना हा अभ्यास आरंभिला आणि तो तडीस नेला. पुढे सेंगचाओ नावाचा एक बुद्धिमान चिनी तरुण शिष्य होण्यासाठी तेथवर चालून आला.

इ. स. ४०१ मध्ये याओ शिंग या राजाने लिआंगचौच्या सत्तेचा पराभव केला आणि कुमारजीवास मोठ्या सन्मानाने आपल्या राजधानीत, चांगआन नगरात आणले. त्या वेळी कुमारजीव सत्तावन्न वर्षांचा होता. त्याच्या खऱ्या कार्यास येथे प्रारंभ झाला.

बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे पूर्वीही झाली होती. पण त्यांत बौद्ध कल्पनांसाठी पुष्कळदा चिनी तत्त्वज्ञानातील रूढ शब्द योजलेले असत. त्यामुळे मूळ अर्थ झाकला जाई. कुमारजीव मूळ पोथी हाती घेऊन तिचा अर्थ चिनी भाषेत सांगे. राजा स्वतः जुने भाषांतर पुढे धरून ताडून पाही. शेकडो भिक्षू शब्दाशब्दाची चर्चा करीत आणि मगच वाक्य लिहिले जाई.

एकदा देव व मानव परस्परांना पाहतात, अशा अर्थाचे वाक्य आले. जुने भाषांतर मुळाला धरून होते, पण ऐकावयास ओबडधोबड होते. कुमारजीवाला ते रुचेना. सेंगरुई या शिष्याने देवमानवांची भेट होऊन त्यांना एकमेकांचे दर्शन घडते, अशी रचना सुचविली. गुरूने ती आनंदाने स्वीकारली. शिष्याकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. भाषांतरात मुळाची गोडी कशी नाहीशी होते, हेही तो जाणून होता. चावलेला घास दुसऱ्यास भरविण्याची उपमा तो त्यास देत असे.

सुमारे बारा वर्षांत त्याने तीसहून अधिक ग्रंथ चिनी भाषेत आणले. सद्धर्मपुंडरीक या ग्रंथाचे भाषांतर इ. स. ४०६ मध्ये पूर्ण झाले. परंपरेप्रमाणे इ. स. ४१३ मध्ये चांगआन येथे त्याचे देहावसान झाले. आपले भाषांतर निर्दोष असेल तर आपली जीभ अग्नीत जळणार नाही, असे त्याने सांगितले होते आणि तसेच घडले, अशी आख्यायिका आहे.

आख्यायिका बाजूस ठेवली, तरी त्याची वाणी आजही टिकून आहे. वर्ष व तिथी नोंदलेला, जगातील सर्वांत जुना उपलब्ध छापील ग्रंथ इ. स. ८६८ मधील आहे. तो म्हणजे कुमारजीवाने केलेले वज्रच्छेदिकेचे चिनी भाषांतर होय. चीन आणि जपानमधील मठांत त्याची भाषांतरे आजही पठण केली जातात. बंदिवासात, प्रौढ वयात शिकलेल्या एका परक्या भाषेचे हे फळ आहे.