आजार एकाचा, उपचार घराचा

मूल बिघडले की त्याला तज्ज्ञाकडे न्यायचे आणि तो सुधारून परत देईल अशी आशा धरायची, ही पालकांची रीत जुनीच. त्या तज्ज्ञाने आई-वडिलांनाच समोरच्या खुर्चीत बसवले तर? अमेरिकेतील व्हर्जिनिया सटीर यांनी नेमके हेच केले.

२६ जून १९१६ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील नीलस्विल येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांच्या असताना त्यांना अपेंडिक्सचा विकार जडला. धर्मश्रद्धेपोटी आईचा वैद्यकीय उपचारांना विरोध होता. अखेर वडिलांनी रुग्णालय गाठले, तोवर अपेंडिक्स फुटले होते. व्हर्जिनिया बचावल्या. मोठेपणी आई-वडिलांचा छडा लावणारी गुप्तहेर व्हायचे, असे त्यांनी त्याच वयात ठरवले होते. पुढे शिक्षिका झाल्यावर त्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊ लागल्या आणि मुलांच्या अडचणींचे धागे उंबरठ्याआड सापडू लागले. शिकागोत समाजकार्याचे शिक्षण घेऊन १९५१ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

तेव्हा रुग्णाच्या नातलगांना उपचारांपासून दूर ठेवण्याचा दंडक होता. सटीर यांच्याकडे स्किझोफ्रेनियाचे निदान झालेली एक तरुणी येत असे. सहा महिन्यांत ती बरीच सुधारली आणि तिच्या आईने कोर्टात खेचण्याची धमकी दिली. मुलीला आपल्यापासून तोडल्याचा तिचा आरोप होता. दुसरा कोणी वकील गाठता. सटीर यांना धमकीमागची विनवणी ऐकू आली. त्यांनी आईलाच बोलावले. आई आली आणि मुलगी पुन्हा पहिल्यासारखी! हळूहळू दोघींचा मेळ बसला, तेव्हा वडील आले आणि तो मोडला. पुन्हा घडी बसली, तर घरातला लाडका, गुणी भाऊ येताच ती विस्कटली. एकाला हलवले की सगळेच हलतात आणि जुना तोल राखण्याचे ओझे बहुधा एकाच मुलावर पडते, हे सटीर यांना इथे लख्ख दिसले.

१९५९ मध्ये त्या पालो आल्टो येथील मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. १९६४ मध्ये त्यांचे संयुक्त कुटुंबोपचारावरचे पुस्तक आले. त्यांच्या पद्धतीत शास्त्रापेक्षा जिव्हाळाच अधिक, अशी टीका काही सहकाऱ्यांनी केली. ती अगदीच निराधार नव्हती. तरीही, रुसून कोपऱ्यात बसलेल्या मुलालाही त्या बोलते करीत. देशोदेशी शिबिरे घेत फिरणाऱ्या सटीर यांचे १० सप्टेंबर १९८८ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले.