संस्कृतातून समाजशास्त्राकडे : डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये

विद्येच्या एका क्षेत्रात प्रावीण्य मिळविल्यानंतर ते क्षेत्र सोडून दुसऱ्या क्षेत्रात पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश करणे ही गोष्ट भारतीय विद्यापीठांच्या आरंभीच्या काळात विरळाच घडत असे. पदवी ही जीविकेची हमी मानली जाई आणि ज्या विषयाने ती हमी दिली त्याच्याशी निष्ठा राखणे हाच शहाणपणा ठरे. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी हा शहाणपणा नाकारला. संस्कृतचे एक व्युत्पन्न अध्यापक म्हणून त्यांचे भवितव्य निश्चित झाल्यासारखे असताना, ज्या शास्त्राची या देशात धड परंपराही नव्हती अशा समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी ते परदेशी गेले. त्यांच्या या निर्णयातून मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राला दीर्घकाळ टिकलेले नेतृत्व लाभले. या शास्त्राला संस्कृत वाङ्मयाशी जोडणारा दुवाही त्यातूनच मिळाला.

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी कोकणातील मालवण येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. त्यांच्या शिक्षणाचा काही भाग जुनागढ येथे झाला आणि तेथील बहाउद्दीन महाविद्यालयातून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. १९१६ साली संस्कृत घेऊन त्यांनी बी. ए. ची परीक्षा दिली व भाऊ दाजी पारितोषिक मिळविले. पुढे १९१८ साली इंग्रजी व संस्कृत हे विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि कुलपतींच्या सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. रा. गो. भांडारकर यांच्यापासून चालत आलेल्या प्राच्यविद्येच्या परंपरेमुळे मुंबई इलाख्यात संस्कृतच्या अभ्यासाला मोठी प्रतिष्ठा होती. त्या परंपरेत घुर्ये यांना सहज स्थान मिळाले असते.

या सरळ मार्गाला वळण दिले ते पॅट्रिक गेडिस यांनी. गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पण नगररचना व समाजशास्त्र यांच्या ध्यासाने ते भारतात आले होते. १९१५ च्या आरंभी त्यांनी मद्रास येथे आपले नगररचनेचे प्रदर्शन भरविले होते. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग स्थापन झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. या नव्या विभागासाठी परदेशात शिकून येणाऱ्या तरुणाची निवड करावयाची होती. घुर्ये गेडिस यांच्या व्याख्यानांना उपस्थित राहत. मुंबईच्या नागर स्वरूपावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाने गेडिस यांचे लक्ष वेधले आणि शिष्यवृत्ती त्यांना मिळाली.

या निर्णयातील धोका आज सहज ध्यानात येत नाही. १९२० साली मद्रासचे अभियांत्रिकी महाविद्यालय गिंडी येथील नव्या वास्तूत आले. १७९४ साली सुरू झालेल्या भूमापनाच्या शाळेपासून या संस्थेचा वारसा सांगितला जातो. ज्या विद्येची सरकारला गरज होती तिला असा सव्वाशे वर्षांचा आधार होता. समाजशास्त्राला याच सुमारास एका विद्यापीठातील एका नवजात विभागापलीकडे फारसा आसरा नव्हता. त्या विभागाचे आयुष्य किती याचीही शाश्वती कोणी देऊ शकले नसते. अशा स्थितीत घुर्ये १९२० साली इंग्लंडला गेले.

लंडनमध्ये ते प्रथम एल. टी. हॉबहाउस यांच्याकडे गेले. तत्त्वज्ञानाचे अध्यापन व वृत्तपत्रीय लेखन करून समाजशास्त्राकडे वळलेल्या या विद्वानाचे उत्क्रांतिवादी विवेचन घुर्ये यांना फार काळ धरून ठेवू शकले नाही. थोड्याच दिवसांत ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आले. रिव्हर्स यांचा प्रवासही मोठा विलक्षण होता. ते मुळात वैद्य. तेथून ते प्रायोगिक मानसशास्त्राकडे वळले. १८९८ साली ए. सी. हॅडन यांनी टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर नेलेल्या मोहिमेत ते मानसशास्त्रज्ञ म्हणून सामील झाले आणि तेथेच वंशावळींच्या आधारे आप्तसंबंधांचा अभ्यास करण्याची पद्धती त्यांना गवसली. पुढे मद्रास इलाख्यातील निलगिरीच्या डोंगरात राहून त्यांनी तोडा जमातीची पाहणी केली. त्या लोकांच्या दृष्टी, स्पर्श इत्यादी संवेदनांच्या मानसशास्त्रीय चाचण्याही घेतल्या. त्यांचा ‘द तोडाज’ हा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात युद्धाच्या आघाताने खचलेल्या सैनिकांवर त्यांनी केलेले मानसोपचारही प्रसिद्ध आहेत. त्यांचे शिष्य व टोरेस मोहिमेतील सहकारी चार्ल्स मायर्स यांनी १९२१ साली, म्हणजे घुर्ये केंब्रिजमध्ये असतानाच, लंडन येथे औद्योगिक मानसशास्त्राची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. मन, समूह आणि संघटना यांचे संबंध शोधणाऱ्या शास्त्रांच्या सीमा त्या काळी अद्याप बंदिस्त झाल्या नव्हत्या, हे यावरून दिसते.

जून १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे अकस्मात निधन झाले. घुर्ये यांना हा मोठा धक्का होता. त्यांनी हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली आपले संशोधन पूर्ण केले. हे हॅडनही प्राणिशास्त्र सोडून मानवशास्त्राकडे आलेले. गेडिस, हॉबहाउस, रिव्हर्स, हॅडन या चौघांपैकी एकाचेही मूळ क्षेत्र समाजशास्त्र वा मानवशास्त्र नव्हते ही गोष्ट लक्षणीय आहे. नव्या शास्त्रात जन्मलेले गुरू त्या काळी मिळणे शक्यच नव्हते. आपापले जुने घर सोडून आलेल्यांनीच हे घर बांधले होते आणि प्रत्येकाने जुन्या घरातील काही सामान बरोबर आणले होते. घुर्ये यांनी संस्कृत आणले.

१९२३ साली ते मायदेशी परतले. १९२४ मध्ये गेडिस यांनी मुंबई सोडल्यावर विभागाची सूत्रे घुर्ये यांच्याकडे आली. १९३४ साली ते प्राध्यापक झाले व १९५९ पर्यंत त्यांनी विभाग सांभाळला. सी. के. ऑग्डेन यांच्या संस्कृतिविषयक ग्रंथमालेत १९३२ साली प्रसिद्ध झालेला ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ होय. जातिव्यवस्थेची सहा लक्षणे त्यांनी त्यात मांडली : समाजाचे खंडशः विभाजन, उच्चनीचभाव, खानपान व सामाजिक व्यवहारावरील निर्बंध, नागरी व धार्मिक हक्कांतील विषमता, व्यवसायाच्या निवडीवरील बंधन आणि विवाहावरील मर्यादा. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींचा उच्चनीच क्रम वंशाशी जोडला होता. घुर्ये यांनी त्याच मापांची प्रांतवार फेरमांडणी केली आणि हिंदुस्थानी प्रदेशाबाहेर तो सिद्धांत टिकत नाही असे दाखविले. जातींची आधुनिक संघटना बळावत चालल्याने राष्ट्रीय ऐक्याला पोचणाऱ्या धोक्याचीही त्यांनी चर्चा केली. पुढील आवृत्त्यांत ग्रंथाचे नाव कधी ‘कास्ट अँड क्लास इन इंडिया’ तर कधी ‘कास्ट, क्लास अँड ऑक्युपेशन’ असे बदलत गेले. विषयाचा व्याप वाढत होता याची ती खूण आहे.

संस्कृत त्यांनी सोडले असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. ‘फॅमिली अँड किन इन इंडो-युरोपियन कल्चर’ (१९५५) या ग्रंथात संस्कृत, ग्रीक व लॅटिन भाषांतील नातेवाचक शब्द आणि विधी यांचा तुलनात्मक विचार आहे. रिव्हर्स यांच्याकडून आलेली दृष्टी आणि एल्फिन्स्टनमध्ये मिळविलेली भाषाविद्या या ग्रंथात एकत्र आल्या. साधू, वेशभूषा, भरतनाट्य, राजपूत वास्तुकला, इतकेच नव्हे तर शेक्सपिअर, अशा विषयांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले.

या सामर्थ्यातच त्यांची मर्यादाही होती. समाजाकडे पाहताना त्यांची नजर प्रथम ग्रंथाकडे जाई आणि ग्रंथांत ज्यांचा आवाज उमटला नाही अशा समूहांचे स्वत्व त्यांना पुरेसे जाणवत नसे. आदिवासींना मागासलेले हिंदू मानण्याची १९४३ मधील त्यांची भूमिका व त्यावरून व्हेरिअर एल्विन यांच्याशी असलेला मतभेद यांचे मूळ येथे आहे. आज ती भूमिका बहुतेक अभ्यासक स्वीकारीत नाहीत. दीर्घ क्षेत्रकार्यही त्यांनी स्वतः फारसे केले नाही. तथापि महादेव कोळ्यांवरील अभ्यास (१९५७) आणि थॉमस कोट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहिलेल्या पुण्याजवळील लोणीकंद गावाची फेरपाहणी (१९६०) यांवरून प्रत्यक्ष पाहणीचे मोल ते जाणून होते हे स्पष्ट होते.

शिष्यांना मात्र त्यांनी आग्रहाने क्षेत्रात धाडले. तत्त्वज्ञानाच्या पदवीनंतर त्यांच्याकडे आलेल्या इरावती कर्वे १९२८ साली एम. ए. झाल्या आणि पुढे बर्लिन येथे मानवशास्त्राकडे वळल्या. गुरूंचाच क्षेत्रांतराचा कित्ता त्यांनी वेगळ्या रीतीने गिरविला. एम. एन. श्रीनिवास, के. एम. कापडिया आणि मार्क्सवादी भूमिकेचे ए. आर. देसाई हेही त्यांचेच विद्यार्थी. श्रीनिवास ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडे गेले व ग्रंथनिष्ठ पद्धतीपासून दूर झाले. रॅडक्लिफ-ब्राउन हेही रिव्हर्स यांचेच शिष्य असल्याने, गुरुशिष्यांच्या वाटा फुटल्या त्या एकाच उगमापासून असे म्हणता येईल. घुर्ये यांच्या देखरेखीखाली सुमारे ८० प्रबंध पूर्ण झाले. १९५१ साली त्यांच्या पुढाकाराने इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली आणि १९५२ पासून ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ निघू लागले.

२८ डिसेंबर १९८३ रोजी नव्वदाव्या वर्षी घुर्ये यांचे निधन झाले. त्यांच्या अनेक निष्कर्षांना पुढील पिढीने आव्हान दिले. पण ते आव्हान देण्यासाठी लागणारी साधने आणि संस्था बऱ्याच अंशी त्यांनीच उभ्या केल्या होत्या. भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकाला त्यांचे चरित्र आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. ग्रंथात जतन झालेला समाज आणि रस्त्यावर वावरणारा समाज यांतील अंतर मोजण्याची गरज त्यालाही पदोपदी भासते. ते अंतर मोजण्यासाठी घुर्ये यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हाती सुवर्णपदक असताना, पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली.