स्वामी रामानंद तीर्थ : बहिष्कार आणि मतदान

मतदार मतदान का करतो आणि का टाळतो, या प्रश्नाचे अर्थशास्त्रीय उत्तर अमेरिकन अभ्यासक ॲन्थनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडले. मतदानासाठी वेळ व श्रम खर्च होतात, मजुरी बुडते. उलट एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. केवळ हा हिशेब पाहिला, तर घरी बसणेच शहाणपणाचे ठरते. या हिशेबाची व्याप्ती आणि मर्यादा समजण्यास स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र उपयुक्त आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केल्यानंतर ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला. १९३८ मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा सत्याग्रह करून त्यांनी कारावास पत्करला.

१९४६ मध्ये बंदी उठली आणि ते संघटनेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी संस्थानात विधिमंडळाच्या निवडणुका जाहीर झाल्या. मताधिकार मर्यादित होता आणि अंतिम सत्ता निजामाकडेच राहणार होती. स्टेट काँग्रेसने या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. हा निर्णय डाउन्स यांच्या हिशेबात बसतो : ज्या सभागृहाला सत्ताच नाही, त्याच्या निवडणुकीतून मतदाराच्या पदरी काय पडणार?

१९४७ मधील त्यांचा तुरुंगवास मात्र या हिशेबात बसत नाही. एका सत्याग्रहीच्या कैदेने राजवट कोसळणार नव्हती आणि मुक्तीचा लाभ घरी बसलेल्यालाही मिळणारच होता. तरीही हजारो लोक लढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडचे विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९६८ मध्ये रायकर व ऑर्डेशूक यांनी डाउन्स यांच्या सूत्रात कर्तव्यपूर्तीचे समाधान हा घटक जोडला. तथापि, कर्तव्यबुद्धी असली तरी खर्च नाहीसा होत नाही. लातूर-नांदेडहून पुण्या-मुंबईला गेलेल्या मजुराला मतदानासाठी गावी येताना प्रवासभाडे आणि मजुरी दोन्ही मोजावी लागतात. त्याची अनुपस्थिती आणि १९४६ चा बहिष्कार या दोन्हींची नोंद ‘मतदान नाही’ अशीच होते. त्यांतील भेद ओळखणे हे अभ्यासकाचे काम आहे.