अंदाज आणि उत्तरदायित्व

भंडाऱ्याच्या पश्चिमेस साठेक किलोमीटरवर, नागपुरात, १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा, असा दंडक २०१३ च्या कायद्याने घातला. परंतु उत्तरदायित्व केवळ खर्चाच्या रकान्यात मावत नाही. आपण बांधलेल्या अंदाजाची जबाबदारी घेणे हाही त्याचाच भाग होय, हे त्या गिरणीचे संस्थापक जमशेटजी टाटा यांच्या चरित्रावरून ध्यानी येते.

१८३९ साली नवसारीत जन्मलेले जमशेटजी ऐन पंचविशीत कापसाच्या तेजीवर विसंबून लंडनला गेले. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपली आणि भाव कोसळले. त्यांनी धनकोंपासून काही दडविले नाही. तेव्हा धनकोंनी पेढीची देणी मिटविण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले.

नागपूर निवडताना त्यांनी कापूस, कोळसा आणि बाजारपेठ यांची अंतरे मोजली. दलदलीत पैसा पुरणारा म्हणून एका स्थानिक सावकाराने त्यांना कर्ज नाकारले; पुढे तोच वरमला. गिरणीत मात्र मजूर टिकेना. तेव्हा वायुवीजनाची सोय झाली, आग विझविणारे फवारे आले, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. यात दया होतीच. परंतु उद्या मागावर किती माणसे उभी राहतील हे ज्याला ठाऊक नाही, त्याने उत्पादनाचे आकडे कोणत्या भरवशावर द्यावेत?

त्याच १८८६ साली ते पुन्हा चुकले. कुर्ल्याची धरमसी गिरणी त्यांनी स्वस्तात घेतली. यंत्रे जीर्ण निघाली, सूत परत येऊ लागले, शेअरचा भाव घसरला. गिरणी मोडीत काढून मोकळे होता आले असते. त्याऐवजी एम्प्रेसचे स्वतःचे शेअर विकून त्यांनी या ‘स्वदेशी’ गिरणीत पैसा घातला. कारण भागधारक त्यांच्या शब्दावर विसंबले होते.

अर्थात सर्वच हानी हिशेबात आली नाही. गिरण्यांच्या सुतावर पवनी-मोहाडीच्या कोष्ट्यांचे हातमाग तगले, पण हातकताई बुडाली. तिची नोंद कोणत्या ताळेबंदात सापडावी?

चांद्याच्या लोखंडाचा अहवाल १८८२ सालीच त्यांच्या हाती पडला होता. वरोऱ्याचा कोळसा भट्टीस निरुपयोगी ठरताच त्यांनी तो बेत बाजूला ठेवला, तो जवळजवळ दोन दशके. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत त्यांचे निधन झाले. साकचीला पहिले पोलाद निघाले ते १९१२ साली.