मातीतून औषध काढणारे शास्त्रज्ञ : सेलमन वॅक्समन

क्षयरोगावरच्या पहिल्या प्रभावी प्रतिजैविकाचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. त्याच्याशी जोडलेलं मोठं नाव म्हणजे सेलमन वॅक्समन.

त्यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी आजच्या युक्रेनमधल्या एका लहान गावात, ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा तिथे रशियाच्या झारची सत्ता होती आणि ज्यू मुलांना उच्च शिक्षण मिळणं अवघड होतं. १९१० मध्ये ते अमेरिकेला गेले. रटगर्स कॉलेजात शेतीशास्त्र शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले.

त्यांचा विषय माती. चिमूटभर मातीत असंख्य जिवाणू असतात. त्यातले काही असा पदार्थ सोडतात, की शेजारच्या जिवाणूंची वाढच थांबते. तो शोधण्याची रीत साधी, पण चिकाटीची. काचेच्या बशीत मातीतले जिवाणू वाढवायचे. ज्याच्या भोवती इतर जंतू वाढत नाहीत, तो वेगळा काढायचा. मग त्याचा पदार्थ शुद्ध करायचा, कोणते जंतू मरतात ते बघायचं आणि प्राण्यांना अपाय होतो का तेही तपासायचं. १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन सापडलं, पण ते फारच विषारी निघालं. १९४२ चं स्ट्रेप्टोथ्रिसिनही तसंच.

१९४३ मध्ये त्यांचे २३ वर्षांचे विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. ते तयार करणारा जिवाणू भरपूर खत घातलेल्या मातीत आणि कोंबडीच्या घशातही सापडला. पेनिसिलिन क्षयाच्या जंतूंपुढे चालत नव्हतं, हे चाललं! मेयो क्लिनिकमध्ये आधी गिनीपिगवर, मग रुग्णांवर चाचण्या झाल्या. दोषही कळले : काहींची श्रवणशक्ती गेली आणि एकटं औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होत. म्हणून ते इतर औषधांबरोबर देऊ लागले. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते तयार झालं.

श्रेय मात्र वॅक्समन यांच्याकडेच गेलं. १९५० मध्ये शाट्झ कोर्टात गेले. तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून त्यांना मान्यता आणि मानधनात वाटा मिळाला. तरी १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांनाच मिळालं. औषधाच्या उत्पन्नातून त्यांनी रटगर्सला सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभी केली. १६ ऑगस्ट १९७३ रोजी ते वारले. रटगर्सने शाट्झ यांना पदक दिलं ते १९९४ मध्ये.

दिशा गुरूंची होती, बशीवरचा शोध शिष्याचा. वर्गात हा धडा शिकवताना म्हणूनच फळ्यावर दोन्ही नावं लिहूया.