ज्याच्या आडनावावर डिझेल गाड्या चालतात, त्याला डिझेलवर धावणारी कार कधी बघायलाच मिळाली नाही

थंडीतली सकाळ. बिल्डिंगखाली ८०-९० च्या दशकातली एक जुनी डिझेल गाडी उभी आहे. मालक चावी अर्धी फिरवतो आणि थांबतो. हीटरचा दिवा विझेपर्यंत घाई करायची नसते, हे त्याला अनुभवानं माहितीय. दिवा विझला की मग चावी पूर्ण. घर्र, घर्र, मागून धुराचा एक लोट आणि मग तो ठोक्यांचा आवाज. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही कळतं की साहेब ऑफिसला निघाले.

शेजारीपाजारी म्हणतात, विका हो आता हा डबा. पण अशी गाडी रोज चालवणारा माणूस सहसा ऐकत नाही. कारण त्याला ठाऊक असतं की या इंजिनात स्पार्क प्लग नाही, कॉम्प्युटर नाही. हवा दाबली गेली पाहिजे आणि डिझेल वेळेवर फवारलं गेलं पाहिजे, बास. यात काय बिघडलंय ते सापडलं की गाडी परत रस्त्यावर.

आणि गंमत म्हणजे आज गॅरेजमध्ये मिस्त्री ज्या दुखण्यांवर हात काळे करतो, त्यातल्या बऱ्याच दुखण्यांशी हे इंजिन बनवणारा माणूसच पहिल्यांदा भिडला होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. हो, डिझेल हे आधी माणसाचं आडनाव आहे, इंधनाचं नाव नंतर.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मन. वडील थिओडोर बुकबाइंडर, चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरातच कारखाना, बेताचीच कमाई. लहानगा रुडॉल्फ पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन मशिन्सची चित्रं काढत बसायचा.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब मिळेल ते सामान घेऊन लंडनला पोचलं. तिथं सगळ्यांचं पोट भरणं अवघड होतं, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाईकांकडे पाठवण्यात आलं. तिथले काका गणिताचे शिक्षक होते. पोरगं तिथं अभ्यासात चमकलं आणि १४ व्या वर्षीच त्यानं आईवडिलांना कळवून टाकलं की आपल्याला इंजिनिअर व्हायचंय.

पुढे स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथं शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, म्हणजे ज्यांनी बर्फ बनवणाऱ्या आणि थंड करणाऱ्या मशिन्स जगाला दिल्या तेच. लिंडेंच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट कळली आणि ती डोक्यातून गेलीच नाही. त्या काळी सगळं जग वाफेच्या इंजिनावर चालायचं, पण जाळलेल्या कोळशातली जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी ऊर्जा कामाला यायची. बाकी सगळी वाया.

१८७९ मध्ये परीक्षेच्या तोंडावर त्याला टायफॉइड झाला. वर्ष हुकलं, पण गडी १८८० च्या जानेवारीत परीक्षेला बसला आणि उत्तम गुणांनी पास झाला. मग लिंडेंच्याच कंपनीत पॅरिसला बर्फाच्या कारखान्यात नोकरी. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फ बनवायचा आणि उरलेल्या वेळात इंजिनचे प्रयोग करायचे, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. यातले अमोनियाच्या वाफेवरचे प्रयोग तर एकदा जिवावर बेतले आणि त्याला बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले.

आता त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं?

सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून हवा मारून बघा. पंप गरम लागतो. हवा दाबली की तापते, एवढंच तत्त्व आहे. रुडॉल्फचं म्हणणं होतं की सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल, आणि मग त्यात इंधन सोडायचं. इंधन आपोआप पेट घेईल, ठिणगीची गरजच नाही. हवा जितकी जास्त दाबली जाईल, तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघेल. आजच्या जुन्या डिझेल गाडीतही हवा साधारण विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबली जाते आणि तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं.

१८९२ मध्ये बर्लिनमध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. ऑग्सबर्गची मशीन फॅक्टरी (जी पुढे मॅन या नावानं ओळखली गेली) आणि क्रुप या बड्या कंपन्या पाठीशी उभ्या राहिल्या. कागदावर सगळं झकास होतं. खरा राडा सुरू झाला तो लोखंड हातात घेतल्यावर.

पहिलं दुखणं दाबाचं. पिस्टनच्या कडेनं हवा निसटायची आणि पाहिजे तेवढा दाब बनायचाच नाही. आज जुनी डिझेल सकाळी सुरू व्हायला त्रास देते तेव्हा मिस्त्री रिंगा घासल्याचं सांगतो आणि कॉम्प्रेशन तपासायला घेतो. तेच हे दुखणं.

१० ऑगस्ट १८९३ ला रुडॉल्फनं सिलिंडरमध्ये इंधन सोडलं. इंधन पेटलं, पण दाब एकदम ८० बारपर्यंत चढला आणि वर बसवलेलं दाब मोजायचं यंत्र फुटून उडालं. थोडक्यात वाचला. पण त्याच्या दृष्टीनं हा दिवस वाया गेला नव्हता. ठिणगीशिवाय इंधन पेटतं, हे सिद्ध झालं होतं.

दुसरं दुखणं नोझलचं. इंधन धारेनं सोडून चालत नाही, त्याची वाफेसारखी बारीक फवारणी व्हावी लागते. नाहीतर ते अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो. आज नोझल बिघडला की डिझेल पंपवाल्याकडे नेऊन तपासून घेता येतो. रुडॉल्फकडे असा कुणी पंपवाला नव्हता. शेवटी त्यानं जोरदार दाबलेल्या हवेच्या झोतानं इंधन आत ढकलायचा मार्ग निवडला.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं. किती वेळ? साधारण एक मिनिट.

त्यानंतर पुन्हा खोलणं, बदलणं, जोडणं. बरोबर ३ वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे ३ मीटर उंचीचं, २० हॉर्सपॉवरच्या आसपासचं ते धूड इंधनातली २६.२ टक्के ऊर्जा कामाला लावत होतं. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त!

बातमी जगभर गेली. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांनी हक्क विकत घ्यायला रांग लावली. अमेरिकेचे हक्क बिअरच्या धंद्यातले अडॉल्फस बुश यांनी १० लाख मार्क मोजून घेतले. बुकबाइंडरचा पोरगा लखपती झाला, म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला.

पण विषय इतका सोपा नव्हता. केम्प्टनच्या काडेपेटी कारखान्यात बसवलेल्या पहिल्या विक्रीच्या इंजिनानं मालकाला सुरुवातीला चांगलंच छळलं. जी मशीन इंजिनिअर डोळ्यात तेल घालून चालवतात, ती कारखान्यातल्या कामगाराच्या हाती दिली की काय होतं, ते तेव्हा कळलं. टीका सुरू झाली, पेटंटवरून वाद झाले. रुडॉल्फची तब्येत ढासळली, डोकेदुखी मागे लागली आणि १८९८ मध्ये त्याला उपचारांसाठी आरोग्यधामात दाखल व्हावं लागलं.

इंजिन मात्र हळूहळू सुधारत गेलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथं एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं मालवाहू जहाज समुद्रात उतरलं.

रुडॉल्फचं स्वप्न मात्र वेगळं होतं. वाफेचं इंजिन फक्त बड्या कारखानदारांना परवडायचं आणि छोटे कारागीर त्यापुढे मरायचे. आपलं इंजिन छोट्या वर्कशॉपमध्ये बसावं आणि कारागिराला स्वतःच्या पायावर उभं करावं, असं त्याला वाटायचं. कामगारांच्या सहकारावर त्यानं १९०३ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. ते फारसं कुणी वाचलं नाही. इंजिन गेलं ते जहाजांत, वीजकेंद्रांत आणि बड्या कारखान्यांत.

गाडीत बसेल असं छोटं इंजिन बनवायचे प्रयत्नही त्यानं केले. अडचण होती हवा दाबणाऱ्या त्या अवजड कॉम्प्रेसरची. तो कारमध्ये बसवणार कुठं?

दरम्यान पैसा संपत चालला होता. तेलाच्या विहिरी आणि जमिनींच्या व्यवहारात तो बुडाला होता, पेटंटची मुदतही संपली होती. बाहेर बंगला आणि मानमरातब, आत कर्जाचा डोंगर.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या जहाजात बसला. इंग्लंडमधल्या डिझेल कंपनीच्या मीटिंगला निघाला होता. सोबतच्यांबरोबर जेवला, सकाळी ६:१५ ला उठवा असं सांगून रात्री १० च्या सुमारास केबिनकडे गेला. सकाळी बघतात तर बिछान्यावर कुणी झोपलेलंच नाही. डेकवर त्याची टोपी आणि कोट सापडला.

साधारण १० दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी, छोटा चाकू अशा त्या वस्तू मुलगा ऑयगेननं ओळखल्या. त्या तारखेपुढे डायरीत एक फुली होती. निघण्यापूर्वी मार्थाकडे दिलेल्या बॅगेत रोख रक्कम आणि जवळपास रिकाम्या खात्यांचे कागद निघाले. त्यानं जीव दिला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. घातपाताच्या कहाण्याही खूप निघाल्या, पण एकही सिद्ध झाली नाही. वय होतं अवघं ५५.

कारचं कोडं सुटलं ते त्याच्यानंतर. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं डिझेल थेट दाबून फवारणारा पंप कारखान्यात बनवायला घेतला आणि अवजड कॉम्प्रेसरची गरज संपली. १९३६ च्या बर्लिन मोटार शोमध्ये मर्सिडीज २६० डी आली. तिची गिऱ्हाइकं कोण होती? मुख्यतः टॅक्सीवाले. दिवसभर चालवायची, कमी इंधन पाजायचं, बिघडली की दुरुस्त करायची. पुढे ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. अर्थात, त्यासाठी इंजिनं अनेकदा बदलावी आणि दुरुस्त करावी लागली. ती गाडी २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली.

आपल्याकडेही डिझेल रुजलं. १९४६ पासून पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिनं बनू लागली आणि विहिरींवर बसली. रस्त्यावर डिझेल अ‍ॅम्बेसेडर आली, मग पुण्याच्या टाटांच्या सुमो आणि इंडिका. बॉशच्या सहकार्यानं १९५१ मध्ये बंगळुरूत उभी राहिलेली मायको तर गॅरेजवाल्यांच्या तोंडीच बसली.

दुसरी बाजूही आहे. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २०१२ मध्ये जाहीर केलं. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादानं बंदीचा आदेश दिला. त्यामुळे जुनी डिझेल रोज चालवायची तर नोझल, पंप आणि फिल्टर वेळच्या वेळी बघणं ही हौस राहत नाही, ती जबाबदारी होते.

तरी कधीतरी हायवेच्या कडेला एखादी जुनी डिझेल बंद पडते. लाइनमध्ये हवा शिरलेली असते. मिस्त्री येतो, पान्यानं नट सैल करतो, हातानं पंप मारतो, फेस जाऊन निव्वळ डिझेल आलं की नट आवळतो. चावी फिरते, गाडी निघते आणि मिस्त्रीच्या हातावर त्याच्या कामाचे पैसे पडतात.

रुडॉल्फला आपल्या इंजिनानं ज्याचं पोट भरावं असं वाटत होतं, तो छोटा कारागीर हाच.