ग्रंथप्रेमी खुदाबख्श

बिहारमधील पाटणा शहरात गंगेच्या काठी एक प्रसिद्ध ग्रंथालय आहे. त्याचे नाव खुदाबख्श ग्रंथालय. अरबी व फारसी भाषांतील हजारो जुनी हस्तलिखिते तेथे जपून ठेवली आहेत. हे ग्रंथालय एका वकिलाने स्वतःच्या कमाईतून उभे केले.

मौलवी खुदाबख्श यांचा जन्म १८४२ साली झाला. त्यांचे वडील मोहंमद बख्श हेही वकील होते. त्यांना हस्तलिखिते जमवण्याचा फार नाद होता. १८७६ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या संग्रहात सुमारे १४०० हस्तलिखिते होती. हा संग्रह वाढवावा आणि लोकांसाठी खुला करावा, अशी त्यांची शेवटची इच्छा होती. मुलाने ती शिरसावंद्य मानली.

खुदाबख्श वकिलीत पुष्कळ पैसा मिळवत आणि तो ग्रंथांवर खर्च करत. मोहंमद मक्की नावाच्या एका अरबाला त्यांनी दरमहा ५० रुपयांवर नेमले होते. हा माणूस अठरा वर्षे कैरो, दमास्कस, बैरूत अशा शहरांत त्यांच्यासाठी ग्रंथ शोधत हिंडला. कोणी हस्तलिखित घेऊन पाटण्याला आला, तर ते विकत घेवोत वा न घेवोत, त्याला ते जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे देत.

पण मुलांनो, नुसते ग्रंथ जमवून भागत नाही. कोणता ग्रंथ आपल्याजवळ आहे, हेच ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखाच! हस्तलिखितांची यादी करणे सोपे नसते. पुष्कळदा पहिले पान फाटलेले असते आणि ग्रंथाचे नावच सापडत नाही. मग शेवटचे पान पाहावे लागते. नकल करणारा तेथे आपले नाव व तारीख लिहितो. उर्दूत त्याला तरकीमा म्हणतात. जुन्या मालकांच्या मोहराही पाहाव्या लागतात.

खुदाबख्श यांनी हे किचकट काम स्वतः केले. १८९५ च्या सुमारास ते हैदराबादला निजामाच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. तेथेच त्यांनी आपल्या ग्रंथांची फारसी सूची छापली. तिचे नाव महबूबुल अलबाब.

एकदा त्यांच्याकडील वीसेक उत्तम हस्तलिखिते चोरीला गेली. चोराने ती लाहोरच्या एका दलालाकडे विकायला पाठवली. दलालाला यातले काही माहीत नव्हते. असे ग्रंथ घेणारा गिऱ्हाईक म्हणून त्याने प्रथम खुदाबख्श यांनाच विचारले! त्यांनी आपले ग्रंथ ओळखले. ग्रंथ परत आले आणि चोराला शिक्षा झाली. आपल्या संग्रहाची पक्की माहिती असली, की हरवलेली वस्तूही ओळखता येते.

या संग्रहात तैमूरच्या घराण्याचा एक सचित्र इतिहास आहे. हा ग्रंथ कशाविषयी आहे व कोणाच्या काळात तयार झाला, याची नोंद शहाजहान बादशहाने स्वतःच्या हाताने त्यावर केली आहे. त्या चार ओळींमुळेच आज आपल्याला त्याची ओळख पटते.

१८९१ साली खुदाबख्श यांनी सुमारे ४००० हस्तलिखिते आणि ग्रंथालयाची इमारत लोकांना अर्पण केली. हस्तलिखिते पाटण्याबाहेर नेऊ नयेत, अशी अट त्यांनी घातली. ग्रंथांपायी त्यांना शेवटी कर्जही झाले; पण त्यांनी एकही ग्रंथ विकला नाही. १९०८ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथालयाच्या आवारातच त्यांची कबर आहे. त्याच वर्षी संग्रहाच्या सविस्तर सूचीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे असे तीसहून अधिक खंड निघाले. १९६९ साली संसदेने कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले.

आपल्याजवळ पुस्तके थोडी असतील, तिकिटे किंवा नाणी असतील. एका वहीत त्यांची नोंद ठेवा. वस्तूचे नाव, ती कोठून मिळाली, केव्हा मिळाली आणि कोणाला वाचायला दिली, एवढे लिहिले तरी पुरे. अशी नोंद असली, की आपला संग्रह आपल्यामागे दुसऱ्यांच्याही उपयोगी पडतो.